ताईचा टी-३४ आणि माझा पँथर

ताई,

तुझ्या बाराव्याला आलेल्या बायका मांडवात बसून तुझ्याबद्दल बोलत होत्या. "किती शांत होत्या बाई. कधी आवाज चढला नाही हो त्यांचा." मी खांबाला टेकून ऐकत होतो आणि अशा दिवशी येऊ नये ते हसू मला येत होतं. शांत? तू? पँथरचं नुसतं नाव काढलं तर तुझा आवाज तलासरीच्या बाजारातून थेट हायवेला जाऊन पोचायचा. "नंदू, त्या जर्मन कपाटाचं कौतुक माझ्यासमोर करायचं नाही!"

त्या बायकांना सांगावंसं वाटलं, पण सांगणार कसं? तलासरीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई आणि डहाणूला लेथ मशीनवर होड्यांचे नि ट्रॅक्टरचे भाग बनवणारा तिचा धाकटा भाऊ, पन्नाशी उलटली तरी भेटले की दुसऱ्या महायुद्धातल्या दोन रणगाड्यांवरून भांडायचे. मालमत्तेवरून नाही, मानपानावरून नाही. रशियाचा टी-३४ भारी की जर्मनीचा पँथर, ह्यावरून. कोणाला खरं वाटणार?

सुरुवात लहानपणी वाणगावला झाली, तुझ्या हट्टापायी. आपण शाळेतून येत होतो आणि स्टेशनात बाजूच्या रुळावर एक मालगाडी उभी होती. उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली काहीतरी अजस्र झाकलेलं. एका डब्यावरची ताडपत्री वाऱ्याने उडाली होती आणि खाली हिरव्या रंगाचा तो प्राणी बसला होता. भारतात बांधलेला विजयंता, हे आपल्याला पुष्कळ नंतर कळलं. मी घाबरून तुझ्या मागे लपलो. तू मात्र पहारा करणाऱ्या जवानाजवळ सरळ गेलीस आणि विचारलंस, "काका, समोरचा पत्रा असा तिरका का?"

तो हसला. एक तळहात त्याने उभा धरला, मग कलता केला, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावर आपटून दाखवलं. "सीधा होगा तो गोला घुसेगा. तिरछा होगा तो फिसलेगा."

मला तेवढं पुरलं. तुला पुरलं नाही. घरी येऊन तू आईच्या टोपलीतली काकडी उचललीस. एक चकती सरळ कापलीस, एक तिरकी. तिरकी चकती केवढी लांब निघाली! "बघ नंदू, काकडी तेवढीच जाड आहे. पण तिरकं जायचं म्हटलं की सुरीला जास्त काकडी कापावी लागते. गोळ्याचं पण तसंच. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, पण गोळ्याला जाडी जास्त." आईने कोशिंबिरीच्या काकडीचं काय झालं म्हणून तुझ्या पाठीत धपाटा घातला. पुढे शाळेत त्रिकोणमिती शिकवताना तू दरवर्षी वर्गात काकडी न्यायचीस. तलासरीच्या आसपासच्या पाड्यांवरची कितीतरी पोरं कोसाईन शिकली ती काकडीवर.

मग तू लग्न होऊन तलासरीला गेलीस, मी डहाणूला दुकान टाकलं, आणि रणगाडे मागे पडले. ते परत आले २०१४ मध्ये, तुझ्या हातात पहिला स्मार्टफोन आला तेव्हा. तुमच्या घरात रेंज नव्हती. मागच्या पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की मिळायची. एक दिवस तुझा फोन आला, धापा टाकतच बोलत होतीस. "नंदू, टँकला टँक का म्हणतात माहीत आहे? इंग्रजांनी पहिले रणगाडे बांधले तेव्हा कारखान्यातल्या लोकांना खरं सांगितलंच नाही. पाण्याच्या टाक्या बांधतोय म्हणाले! आणि मी हे वाचते आहे कुठे? टाकीला टेकून!"

त्या दिवसापासून आपण दोघं परत लहान झालो. पहिल्या महायुद्धातले ती समांतरभुज चौकोनासारखी इंग्रजी धुडं, ज्यांच्या अंगावरून चेन पार वरपर्यंत फिरायची. मग फ्रेंचांचा छोटा रणगाडा, ज्याने फिरता बुरूज डोक्यावर आणला आणि पुढच्या सगळ्यांना चेहरा दिला. एका अमेरिकन इंजिनियरने मोठ्या चाकांची, लांब स्प्रिंगची रचना केली. त्याच्या देशाने ती नीट घेतली नाही, रशियाने घेतली, आणि तिच्यातून टी-३४ आला. हा भाग सांगताना तू इतकी रंगायचीस की जणू तो सौदा तूच जमवून दिलास.

आणि तिथेच आपलं फाटलं. गणितवालीला टी-३४ आवडला आणि लोखंडात जन्म गेलेल्या मला पँथर. लोकांना वाटेल उलटं असायला हवं होतं. पण मला दुसऱ्याच्या हातचं काम कळतं, ताई. पँथरची ती एकमेकांत गुंफलेली चाकं, ती लांब तोफ, ती डोंगराच्या उतारासारखी छाती! जर्मनांनी टी-३४ पाहिला, धसका घेतला, आणि त्याचाच तिरका पत्रा उचलून त्यांनी हे काढलं. मी म्हणायचो, "शिष्य गुरूच्या पुढे गेला." तू म्हणायचीस, "शिष्याने कॉपी केली आणि उत्तर चुकवलं. आतलं एक चाक बदलायला बाहेरची चाकं काढावी लागतात, ह्याला डिझाइन म्हणतोस?"

"आणि तुझ्या टी-३४चा गिअर? ड्रायव्हर हातोडा घेऊन बसायचे म्हणतात!"

"हातोडा सगळीकडे मिळतो. पँथरचे सुटे भाग मिळत नव्हते."

"आत उजेड नाही, बसायला जागा नाही. कमांडरनेच बघायचं, त्यानेच तोफ मारायची."

"म्हणून पुढे बुरूज मोठा केला त्यांनी. चूक कळली, सुधारली. तुझ्या लोकांना सुधारायला वेळ तरी होता का?"

भाऊजी ओटीवर भाताची रोपं मोजल्यासारखे आपल्याकडे बघत बसायचे.

२०१७च्या थंडीत तूच म्हणालीस, बोलून काही होणार नाही, चिखलात उतरवू. कल्पना तुझी, ताई, नंतर माझ्यावर ढकलायचीस ती. दोघांनी हातभर लांबीचा आपापला रणगाडा बांधायचा. मोटर सारखी, बॅटरी सारखी, रिमोट खेळण्यातल्या गाडीचे. पँथर खरोखर दीडपट जड होता, तर माझाही दीडपट जड हवा. ह्या अटीवरून आपलं वेगळं भांडण झालं आणि तू जिंकलीस. वरोरला ओहोटीच्या वेळी, वाळू संपून चिखल लागतो तिथे, होडीपासून पलीकडच्या बांबूपर्यंत पोचायचं.

मी महिनाभर दुकानात दुसरं काम नीट केलं नाही. पितळेची चाकं लेथवर काढली, एकात एक गुंफली. घरी शैला म्हणाली, "आपल्या मुलीच्या लग्नात एवढं मन लावलं नव्हतं तुम्ही." आणि तू काय आणलंस? सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या, त्यावर बांबूच्या चिपा, आणि भाऊजींनी फळीतून कापलेली ओबडधोबड चाकं. रंगसुद्धा खिडक्यांना लावून उरलेला. मी बघितला आणि माझी खात्री झाली, आज ताई हरली.

वरोरच्या किनाऱ्यावर हिरूबाई होती. चिखलात निवट्या मासे धरायला जाणारी, अंगाने बारीक, आवाजाने दणदणीत. तिला तू पंच केलंस. ती दोन्ही रणगाडे न्याहाळून म्हणाली, "ह्यो पितळेचा देवासमोर ठेवण्यासारखा हाय. त्यो दुसरा चालंल."

"बघ!" तू ओरडलीस.

निघाले. वाळूवर माझा पँथर असा सुटला, ताई, की माझ्या अंगावर काटा आला. चाकं एकातून एक फिरत होती, ऊन पितळेवर नाचत होतं. तुझा टी-३४ दोन हात जाऊन अडकला. तू पदर खोचलास, धावत गेलीस आणि एका काठीने त्याच्या पाठीवर ठाण्णकन हाणलंस. तो चालायला लागला! किनाऱ्यावरची माणसं हसून हसून लोळली. "हातोड्याला परवानगी आहे," तू म्हणालीस, "इतिहासात आहे!"

मग चिखल लागला. पँथर थोडा गेला. आणखी थोडा. मग त्या गुंफलेल्या चाकांच्या फटींमध्ये चिखल भरायला लागला, मी डोळ्यांनी बघत होतो, रशियातल्या चिखलात झालं तेच, तसंच. मोटर किंचाळली आणि तो थांबला. तुझा मात्र रुंद पट्ट्यांवर बदकासारखा डुलत गेला, माझ्या शेजारून गेला, बांबूपर्यंत गेला.

आणि बांबूच्याही पुढे गेला.

रिमोटची रेंज संपली होती. तू बटणं दाबत होतीस आणि तो सरळ खाडीच्या पाण्याकडे निघाला होता. भरती सुरू झाली होती. मी म्हटलं, "जाऊ दे ताई, दुसरा बांधू." तू ऐकलं नाहीस. साडी गुडघ्यापर्यंत धरून त्याच्या मागे चिखलात शिरलीस.

"अगं बाय, तिकडं नको! तिकडं खोल हाय!" हिरूबाई ओरडली.

तोवर तू मांडीपर्यंत रुतली होतीस. रणगाडा तुझ्या हातात होता, डोक्यावर धरलेला, आणि तू हसत होतीस. मी आत आलो आणि तुझ्याजवळ येईपर्यंत मीही रुतलो. जिंकलेला आणि हरलेला, दोन्ही पक्ष एकाच चिखलात. तू मोठ्याने हसलीस, आणि मग एकदम हसायची थांबलीस.

"नंदू, श्वास पुरत नाही रे."

मला वाटलं गंमत करतेस. तुझे ओठ बघितले तेव्हा कळलं. तू माझा दंड धरलास, इतका घट्ट की नखांच्या खुणा बरेच दिवस राहिल्या. पाणी आपल्या कमरेशी येऊन खेळत होतं. हिरूबाई निवट्या धरताना वापरते ती आपली फळी चिखलावर सरकवत आली, तिच्या मागे आणखी दोघीजणी दोर घेऊन. तिने तुला फळीवर आडवं झोपवलं आणि ओढलं. तू त्या अवस्थेत माझ्याकडे बघून काय म्हणालीस? "हे बघ... जमिनीवर भार... पसरला की... रुतत नाही."

ताई, तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो, गप्प बस म्हणालो. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्या चिखलात मला जी भीती वाटली तशी जन्मात वाटली नव्हती. वाणगावच्या स्टेशनात मी ज्या पाठीमागे लपलो होतो, ती पाठ माझ्यासमोर बुडते आहे असं वाटलं. नंतर आपण त्या दिवसाची इतकी थट्टा केली की हे सांगायला जागाच राहिली नाही.

डहाणूत तपासलं आणि पुढे वापीला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "बेन, हे आजचं नाही. तुमच्या हृदयाची झडप आखडलेली आहे, पुष्कळ दिवसांपासून. धाप लागत नव्हती?"

"लागायची," तू म्हणालीस. "वाटायचं वय झालं."

"चिखलात गेल्या नसत्या तर वय झालं म्हणतच एक दिवस गेल्या असत्या. वेळेत आलात."

भाऊजी माझ्याकडे वळले. मला वाटलं आता बोलणार, ह्या वयात बायकोला चिखलात उतरवतोस म्हणून. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

झडप बदलली. शुद्धीवर आलीस आणि मला आत सोडलं तेव्हा तुझं पहिलं वाक्य नर्सलाही कळलं नाही. "सुटा भाग मिळाला, म्हणून गाडी चालू झाली. पँथर असते तर गेले असते." एवढ्या वर्षांत तेवढ्या एका वेळी मी वाद सोडून दिला. मला रडू येत होतं आणि तू विजयी नजरेने बघत होतीस.

त्यानंतरची वर्षं आपल्याला वरून मिळालेली. त्यांचा आपण फडशा पाडला. नगरजवळ रणगाड्यांचं संग्रहालय आहे तिथे गेलो, तू, मी आणि भाऊजी. उन्हात ओळीने उभे असलेले ते सगळे! तू देवळात शिरल्यासारख्या चपला काढायला निघालीस, मी थांबवलं. पाकिस्तानकडून पकडून आणलेल्या पॅटनपुढे तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "हा अमेरिकेचा नवाकोरा. आपला सेंच्युरियन त्याच्यापुढे म्हातारा. आणि पासष्ट साली पंजाबात पाण्याने भिजलेल्या शेतांत हा अडकला, उसात दबा धरून म्हाताऱ्याने हाणला." मग माझ्या खांद्यावर थाप मारून, "चिखल! शेवटी चिखलच ठरवतो!"

तिथेच पुढे विजयंता होता. आपला वाणगावचा. तू त्याच्या तिरक्या छातीवर तळहात ठेवलास आणि बराच वेळ काढला नाहीस. मग वाकून ड्रायव्हरच्या झाकणाकडे बघितलंस. केवढंसं ते भोक, घरातल्या पातेल्याएवढं.

"नंदू," तू हळू म्हणालीस, "ह्यात माणसं बसायची रे. आपण सगळं बोललो, पत्रा, तोफ, चाकं. बाहेर कसं पडायचं, हे कधी बोललोच नाही."

मी काहीतरी उत्तर दिलं, आता आठवतही नाही. उसाचा रस पिऊन आपण परत पॅटनवर आलो. तो विषय तसाच राहिला.

मग २०१८च्या अखेरीला आपल्या भागात जमीन हलायला लागली. तलासरी, डहाणू, गंजाड, सगळीकडे लोक घर सोडून अंगणात तंबू ठोकून राहिले. मी तुमच्याकडे आलो तर तू घराबाहेर नव्हतीस, घरात शिड्या लावून माळे रिकामे करत होतीस. खाली भाऊजी हंडे, पाटे, ट्रंका झेलत होते.

"ताई, ऑपरेशन झालंय तुझं! उतर!"

"नंदू, रिव्हेट!" तू वरूनच ओरडलीस. "जुन्या रणगाड्यांना रिव्हेट असायचे आठवतं? बाहेरून गोळा लागायचा, पत्रा फुटायचा नाही, पण रिव्हेट तुटून आत उडायचे आणि माणसं त्याने मरायची. म्हणून पुढे वेल्डिंग आलं. घराचं तेच आहे. भिंत पडण्याआधी माळ्यावरचा पाटा डोक्यात पडतो. सगळ्यांच्या घरचे रिव्हेट काढायला हवेत!"

आणि तू काढलेस. शाळेत पोरांना तेच सांगितलंस, पोरांनी पाड्यावर जाऊन सांगितलं. शेजारच्या घरात पुढच्या मोठ्या धक्क्याला माळ्याची फळी निखळून पाळण्यावर पडली, नुसती फळी, कारण तिच्यावरचं सामान आदल्या दिवशी खाली आलं होतं. बाळ रडलं आणि झोपलं. त्याची आई परवा बाराव्याला आली होती, त्या पोराला कडेवर घेऊन. तिने तुला शांत म्हटलं नाही. ती म्हणाली, "बाईंनी शिडी लावून आमच्या घरात घुसखोरी केली होती."

तू गेलीस ती सकाळी, अंगणात जास्वंदीजवळ बसलेली. निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते. भाऊजींचा फोन आला, "नंदू, ये." एवढंच. मी डहाणूहून येईपर्यंत वाटेत तुला सांगायचे मुद्दे मनात येत होते, सवयीने. वाणगावच्या शाळेपासून लागलेली सवय.

बाराव्याला दुपारी सगळे पांगले. मी आणि भाऊजी ओटीवर बसलो. मी म्हटलं, "भाऊजी, ताई शेवटपर्यंत टी-३४च म्हणत राहिली."

ते पानाचा देठ खुडत होते. म्हणाले, "मला तर शर्मन आवडतो."

"कोण?"

"शर्मन. अमेरिकेचा." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुम्ही दोघं बोलायचात, मी ऐकायचो. नगरला तुम्ही पॅटनजवळ होतात तेव्हा मी त्याच्याजवळ उभा होतो. पुढचं तोंड बोल्ट काढून उघडायचं, गिअरबॉक्स बदलायचा, गाडी परत चालू. आधी तो पेटायचा. मग त्यांनी दारूगोळा खालच्या तळाला नेला, पाण्याच्या आवरणात ठेवला. झाकणं मोठी केली, स्प्रिंग लावली, ढकललं की उघडणारी. त्यातली बरीच माणसं जिवंत बाहेर आली, नंदू. रणगाडा गेला तरी माणूस बाहेर आला पाहिजे."

ताई, इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही दोघं इतक्या मजेत होतात. मधे कशाला?"

मला भरून आलं होतं आणि चीडही आली. शर्मन म्हणे! तो उंच डबा! "भाऊजी," मी म्हटलं, "शर्मनच्या चेन केवढ्याशा अरुंद! चिखलात काय करणार तो? टी-३४चे पट्टे बघा. आणि चिलखताचा कल? तिरकी काकडी कापून बघा, मग कळेल!" मी उठून उभा राहिलो होतो. हातवारे तुझे होते, शब्द तुझे होते, आवाज हायवेपर्यंत गेला असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी टी-३४च्या बाजूने भांडत होतो, आणि भाऊजी मान हलवत हलवत माझा एकेक मुद्दा खोडून काढत होते, सावकाश, जराही न चिडता.

उन्हं कलेपर्यंत चाललं. तुझी बाजू मी जीव तोडून लढवली, ताई. हरलो. तू असतीस तर जिंकली असतीस.